उजवा पंख जड

प्रशिक्षण विमानांच्या स्नॅग शीटवर जे शेरे पुन्हापुन्हा दिसतात, त्यांतला एक म्हणजे ‘उजवा पंख जड’. कधी डावा. त्यापुढे सहसा काही नसतं. वेग किती होता, टाक्यांत इंधन किती होतं, शेजारच्या खुर्चीत कोण बसलं होतं, स्लिप दाखवणारा बॉल कुठे होता, यातलं काहीच नाही. वैमानिक दिवसाच्या शेवटी दोन-तीन शब्द खरडून निघून जातो आणि हँगरमधला माणूस तेवढ्यावर काम सुरू करतो. रिगिंगवर हात बसलेला असेल तर तो टेन्सिओमीटर काढतो. इंधनाच्या कामात मुरलेला असेल तर शिडी लावून टाक्यांची झाकणं उघडतो. दोघांनाही आपापल्या जागी काहीतरी किंचित चुकलेलं सापडतंच, कारण वीस-तीस वर्षं शिकाऊ हातांखाली राबलेल्या विमानात सगळं पुस्तकाबरहुकूम कधीच नसतं. सापडलं ते दुरुस्त होतं, सही होते, विमान सुटतं. आठवड्याभरात तोच शेरा परत येतो.

हे पुस्तक त्या परत येणाऱ्या शेऱ्याबद्दल आहे. इंधनाचा असमान पुरवठा आणि नियंत्रणांचं रिगिंग हे दोन विषय अभ्यासक्रमात वेगळ्या प्रकरणांत शिकवले जातात, परीक्षेत वेगळे विचारले जातात आणि पुष्कळदा वेगळी माणसं ते हाताळतात. प्रत्यक्ष विमानात मात्र ते एकमेकांचं सोंग घेतात आणि एकमेकांना वाढवतात. पंख जड होण्याचं कारण इंधन असू शकतं. पण इंधन एका बाजूला साठून राहण्याचं कारण पंखाचं रिगिंगही असू शकतं. म्हणून एकाचा शोध दुसऱ्याला बाजूला ठेवून घेता येत नाही. शोधाचा क्रम चुकला, तर जे बरोबर होतं तेही आपण बिघडवून ठेवतो.

उदाहरणासाठी सेस्ना १७२ घेऊ. १९५६ पासून बनत आलेलं, ४४ हजारांहून अधिक संख्येनं तयार झालेलं हे विमान जगातल्या असंख्य वैमानिकांनी कधी ना कधी हाताळलेलं असतं. पंख डोक्यावर, टाक्या पंखांत, इंजिन त्यांच्या खाली. कार्ब्युरेटरवाल्या जुन्या मॉडेलांत इंधन निव्वळ गुरुत्वाकर्षणानं खाली येतं, मध्ये पंप नाही. सिलेक्टरला चार जागा असतात: डावी, उजवी, दोन्ही आणि बंद. उड्डाण आणि उतरणं ‘दोन्ही’वर करायचं, त्यामुळे बहुतेक लोक तो तिथून हलवतच नाहीत. दोन्ही टाक्या सारख्याच उंचीवर, नळ्या सारख्याच, तेव्हा दोन्हींकडून सारखंच इंधन येणार, असं आपण गृहीत धरतो. ते खरं का नसतं, हे थोड्या हिशेबानं पाहण्यासारखं आहे.

११० नॉट वेगाला, समुद्रसपाटीच्या हवेत, समोरून येणाऱ्या वाऱ्याचा पूर्ण दाब सुमारे १,९६० पास्कल भरतो. आकडा मोठा वाटत नाही. पण एव्हगॅस लिटरला फक्त ०.७२ किलो भरतं. तेवढाच दाब द्यायला एव्हगॅसचा किती उंच स्तंभ लागेल असं विचारलं, तर उत्तर येतं सुमारे २८ सेंटिमीटर. टाकीची स्वतःची खोलीसुद्धा तेवढी नसते. म्हणजे एका टाकीच्या हवेवर त्या दाबाचा दहावा हिस्सा जरी जास्त पडला, तरी त्या टाकीतलं इंधन पावणेतीन सेंटिमीटर वर असल्यासारखं वागतं आणि आधी उतरू लागतं. बिघाड शोधणाऱ्यानं हा हिशेब एकदा स्वतःच्या हातानं करून बघावा. मग व्हेंटची नळी अर्धा इंच वाकली तर काय बिघडलं, असा प्रश्न तो विचारत नाही.

बंद डब्यातलं गोडेतेल ओतायचं तर झाकणाला दोन भोकं पाडावी लागतात. एकातून तेल बाहेर, दुसऱ्यातून हवा आत. टाकीचा व्हेंट म्हणजे ते दुसरं भोक. सेस्ना १७२ मध्ये तो डाव्या पंखाखाली, स्ट्रटच्या मागे असतो. ती जागा सोयीसाठी निवडलेली नाही. स्ट्रटच्या आडोशामुळे वाऱ्याचा मारा मंदावतो, बर्फापासून थोडं संरक्षण मिळतं आणि टाकीत गरजेपुरताच दाब जातो. नळीचं तोंड स्ट्रटपासून किती मागे आणि किती खाली असावं याची मापं निर्मात्याच्या मॅन्युअलमध्ये आहेत. विमान धुताना कुणाचा तरी खांदा लागतो, नळी थोडी वाकते, आणि ती मापं मोडतात. उजव्या टाकीला हवा मिळते ती वरून जाणाऱ्या आडव्या जोडनळीतून, म्हणजे डाव्या टाकीमार्गे. त्या नळीत कुठे झोळ पडला आणि त्यात इंधन साचलं, तर दोन टाक्यांच्या हवेत काही सेंटिमीटरांचा फरक पडायला तेवढं पुरतं. एरवी निर्दोष असलेल्या विमानातही डावी टाकी थोडी आधी उतरते, हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की कित्येक जण त्याला विमानाचा स्वभाव म्हणून सोडून देतात. थोडा फरक असेल तर सोडून द्यायला हरकत नाही. फरक वाढत चालला असेल, तर तो स्वभाव नव्हे.

आपल्याकडे व्हेंटचा आणखी एक शत्रू आहे: कुंभारीण. मातीचं घर बांधणाऱ्या या माशीला नळीचं तोंड फार आवडतं. पावसाळ्याच्या आगेमागे विमान आठ-दहा दिवस उभं राहिलं, की व्हेंटमध्ये आणि पिटो नळीत तिचं बांधकाम निघू शकतं. पिटोला आच्छादन घातलं असेल तर तो तरी वाचतो. व्हेंटकडे कुणी वाकून बघत नाही.

झाकणाचा मामला उलटा आहे. पंखाच्या वरच्या बाजूला उड्डाणात दाब कमी असतो. झाकणाचं रबर कडक झालं, चिरलं, की त्या फटीतून टाकीतली हवा वर खेचली जाते आणि त्या टाकीवरचा दाब पडतो. मग ती टाकी कमी इंधन देते. कधी तर दुसऱ्या टाकीचं इंधन सिलेक्टरमार्गे हिच्यात येतं आणि झाकणातून बाहेर उडून जातं. त्याची खूण झाकणाच्या मागे असते. १०० एलएल इंधनाला निळा रंग दिलेला असतो, त्यामुळे पंखावर निळसर ओघळ राहतो. तो पुसण्यापूर्वी फोटो काढावा, अशी माझी हँगरमधल्या पोरांना कायमची सूचना असते, कारण तो ओघळ अर्धा तपास असतो आणि साफसफाईवाला तो सगळ्यात आधी पुसतो. याच खराब रबरातून पावसाचं पाणी आत जातं, ते वेगळंच. जुन्या सेस्ना १८२ मध्ये पंखात रबरी पिशव्या बसवलेल्या असत. त्यांच्या सुरकुत्यांत पाणी अडून राही आणि जमिनीवर ड्रेनमधून निघतच नसे. व्हेंट तुंबला तर ती पिशवी चोखली जाऊन तिचा तळ वर उचलला जातो, त्यावरचा तरंगता गोळाही वर जातो आणि काटा टाकी भरलेली असल्याचं सांगत राहतो.

आता कलण्याकडे येऊ, कारण दोन विषय इथे एकमेकांना भिडतात. समजा दोन टाक्यांच्या मध्यांमध्ये तीन मीटर अंतर आहे. विमान सरळ उडताना एक अंश जरी कललेलं राहिलं, तर एका टाकीची पातळी दुसरीपेक्षा पाच सेंटिमीटर वर जाते. वरची टाकी जास्त देते आणि ‘दोन्ही’वर असलेल्या सिलेक्टरमधून थोडं इंधन खालच्या टाकीकडेही सरकू शकतं. खालचा पंख भरलेला राहतो, म्हणजे जड राहतो. जड पंख आणखी खाली जाऊ पाहतो आणि फरक वाढत जातो. वळणात कितीही कललं तरी बॉल मध्ये असेल तर इंधनाला ते कळत नाही, कारण त्याच्या दृष्टीनं ‘खाली’ म्हणजे बॉल जिकडे जाईल ती बाजू. म्हणून बँकचा कोन नव्हे, बॉल विचारायचा.

चढताना हे रोज घडतं. वैमानिकाच्या बाजूनं पाहिलं तर या विमानाचा पंखा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो, त्यामुळे जास्त पॉवरवर नाक डावीकडे जातं आणि उजव्या पायानं ते धरून ठेवावं लागतं. विद्यार्थ्याचा उजवा पाय आळशी असतो. बॉल उजवीकडे सरकतो. इंधनाच्या लेखी उजवी बाजू खालची झाली, डावी टाकी वरची झाली, ती आधी उतरू लागली. तासाभराच्या सरावात असे चढ पुष्कळ होतात. परत येताना उजवा पंख जड लागतो आणि तसा शेरा लिहिला जातो. विमानात काहीही बिघडलेलं नसतं. दुसऱ्या दिवशी हँगरमध्ये कुणीतरी रिगिंग ‘सुधारतं’, मग समान इंधनावर तेच विमान डावीकडे पडू लागतं आणि खरा बिघाड त्या दिवशी जन्माला येतो.

निर्मात्याच्या पुस्तकात हे अगदी शांतपणे लिहिलेलं आहे: ‘दोन्ही’वर असताना पंख नेमके समपातळीत राहिले नाहीत तर पुरवठा असमान होऊ शकतो, आणि जड वाटणाऱ्या बाजूच्या टाकीवर सिलेक्टर फिरवला तर जडपणा हळूहळू कमी होतो. उतारावर उभं करताना सिलेक्टर एका बाजूला ठेवावा, म्हणजे इंधन इकडून तिकडे वाहणार नाही, हेही तिथेच आहे. या दुसऱ्या सूचनेचा तपासाशी थेट संबंध आहे. उतरल्यावर विमान तिरप्या एप्रनवर ‘दोन्ही’वर उभं राहिलं आणि अर्ध्या तासानं कुणी डिपस्टिक बुडवली, तर तो एप्रनचा उतार मोजत असतो. इंजिन बंद होताच सिलेक्टर एका बाजूला, समपातळीची जागा, आणि मग डिपस्टिक. काट्यांवर भरवसा ठेवू नये. टाकीत वापरण्याजोगं इंधन संपलं की काट्यानं शून्य दाखवायला हवं, हा त्याच्याबद्दलचा नियम. मधल्या आकड्यांचं प्रेम जुन्या विमानात धरण्यात अर्थ नाही.

खाली पंख असलेल्या विमानांची गोष्ट वेगळी, ती थोडक्यात सांगतो. पायपर चेरोकीसारख्या विमानात टाक्या इंजिनाच्या खाली पडतात, तेव्हा पंप लागतो. म्हणून तिथे सिलेक्टरला ‘दोन्ही’ ही जागाच नाही. असती, तर एक टाकी रिकामी झाल्यावर पंपानं भरलेल्या टाकीतलं इंधन ओढण्याऐवजी रिकामीतली हवा ओढली असती. तिथे समतोल राखणं हे यंत्राचं काम नाही, घड्याळाकडे बघून टाकी बदलणाऱ्या वैमानिकाचं आहे. तपासाचा पहिला प्रश्नही त्यालाच विचारायचा.

पुरवठा खरोखर कमी आहे का, हे ठरवायची साधी रीत आहे आणि तिचा कंटाळा केला जातो. कार्ब्युरेटरजवळ नळी सोडवायची, विमान जमिनीशी विजेनं जोडून घ्यायचं, अग्निशामक हाताशी ठेवायचा आणि प्रत्येक टाकीतून स्वतंत्रपणे ठरावीक वेळात किती इंधन येतं ते मोजायचं. गुरुत्वाकर्षणावर चालणाऱ्या यंत्रणेत हा प्रवाह उड्डाणाच्या वेळच्या गरजेच्या दीडपट असावा, असं प्रमाणन-नियम सांगतात. पंपवाल्या यंत्रणेत सव्वापट. एका बाजूचा आकडा कमी आला तर टाकीच्या तोंडची जाळी, चेपलेली नळी, किंवा खाचेत नीट न बसणारा सिलेक्टर, यांपैकी एकाकडे बोट जातं. सिलेक्टरची मूठ नेमक्या जागी टक्‌ करून बसली पाहिजे, आणि ती सहज हाताशी असली पाहिजे. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी गायक जॉन डेन्व्हर कॅलिफोर्नियातल्या माँटेरे उपसागरात कोसळून गेले. त्यांच्या लाँग-ईझी विमानात, ते बांधणाऱ्यानं सिलेक्टर वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवला होता. तो फिरवायला जड होता आणि त्याच्यापर्यंत पोहोचायचं तर अंग पिळावं लागे. अमेरिकेच्या चौकशीत ही जागाच कळीची ठरली.

असमतोल दिसला की तो भरून काढायचा, ही प्रतिक्षिप्त क्रिया किती महाग पडू शकते याचं सर्वांत ठसठशीत उदाहरण मोठ्या विमानाचं आहे. तरीही ते इथे सांगतो. २४ ऑगस्ट २००१ रोजी टोरांटोहून लिस्बनला निघालेल्या एअर ट्रान्सॅटच्या ए-३३० विमानात अटलांटिकवर इंधनाचा असमतोल दिसला. वैमानिकांनी एका बाजूचं इंधन दुसरीकडे देणारी झडप उघडली. पण उजव्या इंजिनापाशी इंधनाची नळी फाटली होती. काही दिवसांपूर्वी इंजिन बदलताना न जुळणारे भाग बसवले गेले होते आणि एक नळी दुसरीवर घासत होती. भरलेल्या टाकीतलं इंधन मग त्याच गळतीतून समुद्रात गेलं. दोन्ही इंजिनं बंद पडली आणि ३०६ माणसांना घेऊन ते विमान अझोर्स बेटांवरच्या लाझेश तळावर तरंगत उतरलं. सगळे वाचले. वैमानिकांच्या त्या उतरण्याचं कौतुक झालं ते योग्यच. पण आपल्या विषयासाठी महत्त्वाचा क्षण त्याच्या पुष्कळ आधीचा आहे: असमतोल हे उत्तर नसून प्रश्न आहे, हे तेव्हा कुणी विचारात घेतलं नाही. दोन टाक्यांची बेरीज करून पाहिली असती, तर इंधन नुसतं इकडचं तिकडे झालेलं नाही, कमी होतंय, हे लवकर लक्षात येऊ शकलं असतं. लहान विमानातही हाच नियम. आधी बेरीज, मग वजाबाकी.

आता केबलींकडे. रिगिंग या कामाभोवती एक गूढ वलय आहे, ‘उस्तादाच्या हाताला कळतं’ छापाचं. हाताला कळतं हे खरं. पण त्या हातात कोनमापक, टेन्सिओमीटर आणि उघडं मॅन्युअल असेल तरच त्याचा उपयोग. सेस्ना १७२ च्या एलेरॉनला वर २० अंश आणि खाली १५ अंश हालचाल दिलेली आहे, एका अंशाच्या सुटीसह. वर जास्त आणि खाली कमी, कारण खाली गेलेला एलेरॉन जास्त ओढ निर्माण करतो आणि नाक उलट दिशेला खेचतो. केबलीचा ताण ४० पौंड, दहा पौंड इकडेतिकडे. हा आकडा त्या भागातल्या सरासरी तापमानाला धरून आहे, आणि त्याला कारण आहे. सांगाडा अॅल्युमिनियमचा, केबल पोलादाची. एका अंशाला अॅल्युमिनियम दर मीटरमागे सुमारे २३ मायक्रॉन वाढतं, साधं पोलाद १२. पाच मीटर लांबीत वीस अंशांचा फरक पडला तर दोघांत सुमारे एक मिलिमीटरचं अंतर पडतं. उन्हात विमान केबलीपेक्षा जास्त लांबतं आणि केबल ताठ होते, थंडीत ती सैल पडते. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी एप्रनवर तापलेल्या विमानाचा ताण मोजून तो ‘जास्त आहे’ म्हणून सैल करणारा माणूस जानेवारीतल्या पहाटेच्या शिकाऊ वैमानिकाला ढिली नियंत्रणं देत असतो.

पंख जड असण्याची रिगिंगमधली कारणं शोधताना सगळ्यात आधी एलेरॉन नव्हे, फ्लॅप बघावेत. एक फ्लॅप वर जाऊन पूर्ण बसत नसेल, रोलर झिजला असेल, तर ती बाजू किंचित जास्त उचल देते आणि समोरची जड भासते. त्यानंतर योक मध्यभागी धरून दोन्ही एलेरॉन सारखे आहेत का ते पाहावं. मग पुली आणि केबल. पुली अडकली असेल तर केबल तिच्यावर फिरत नाही, घासते. केबलवरून कापडाचा तुकडा फिरवला की तुटलेली तार त्यात अडकून सापडते. कापडच घ्यावं, बोट नव्हे. टर्नबकलच्या नळकांड्याबाहेर तीनपेक्षा जास्त आटे दिसता कामा नयेत. एवढं सगळं नीट असूनही पंख पडतच असेल, तर शेवटी पंखाच्या मुळाशी, मागच्या स्पारच्या जोडात बसवलेल्या विकेंद्री बुशांकडे जायचं. ते फिरवले की पंखाची मागची कड किंचित वर किंवा खाली होते आणि त्या पंखाचा वाऱ्याशी असलेला कोन बदलतो. जड पंखाची मागची कड खाली, की तो जास्त उचल देतो. जोडाच्या दोन्ही बाजूंचे बुश एकत्रच फिरवायचे. एकच फिरवला तर बोल्टाची सरळ रेषा मोडते. हे काम शेवटचं का, याचं उत्तर सोपं आहे: ते केल्यावर विमानाची मूळ ठेवण बदलते, आणि पुढच्या तपासणाऱ्याला ती मूळ कुठे होती हे कळायला काही उरत नाही. नोंद केली असेल तरच उरतं.

विमानात स्वयंचलित विंग-लेव्हलर असेल तर आणखी एक गंमत. तो मुकाट्यानं एलेरॉन धरून ठेवतो, असमतोल तासभर वाढत राहतो आणि कुणाला कळत नाही. उतरण्यापूर्वी तो बंद केला की विमान एका बाजूला झुकतं, आणि दोष ऑटोपायलटवर जातो.

चाचणी-उड्डाणाबद्दल पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे. इथे त्यातला गाभा सांगतो. दोन्ही टाक्या डिपस्टिकनं समान. दोन्ही खुर्च्यांत साधारण सारख्या वजनाची माणसं, कारण एकटा वैमानिक डावीकडे बसला की सत्तर-ऐंशी किलो एका बाजूला जातात आणि आपण त्याचंच वजन मोजून परत येतो. पहाटेची शांत हवा. नेहमीचा क्रूझ वेग. पायांनी बॉल मध्ये आणायचा आणि मग योक सोडायचा. पंख पडला तर किती सेकंदांत किती अंश ते लिहायचं. पंख पडत नाही पण योक तिरका राहतो, तर प्रश्न पंखाचा नाही, केबलींच्या मध्यबिंदूचा. बॉल मध्ये ठेवायला पाय दाबून धरावा लागत असेल, तर रडरचा वाकवता येणारा टॅब आणि रडरचं रिगिंग. तीन वेगळे बिघाड, तीन वेगळे उपाय. शीटवर मात्र तिघांनाही ‘पंख जड’ असंच म्हटलेलं असतं. हे सगळं समान इंधनावर तपासून झालं, की मगच सिलेक्टर ‘दोन्ही’वर ठेवून तासभर बॉल मध्ये धरून उडायचं आणि उतरल्यावर पुन्हा मोजायचं. आता फरक आला तर तो इंधन-यंत्रणेचा.

वैमानिकांनी शेऱ्यात दोन टाक्यांचे आकडे, वेग, बॉलची जागा आणि खुर्च्यांतली माणसं एवढं लिहिलं, तर वर सांगितलेला निम्मा तपास जमिनीवरच होऊन जाईल. त्यासाठी वेगळा फॉर्म लागत नाही. पेन लागतं.

एक विषय राहिला, तो जिवावरचा आहे. केबल सोडून पुन्हा जोडली की ती उलटी जोडली जाऊ शकते. दुसऱ्या महायुद्धातल्या लँकेस्टर बाँबरचे रचनाकार रॉय चॅडविक २३ ऑगस्ट १९४७ रोजी इंग्लंडमध्ये वुडफर्डला अॅव्ह्रो ट्यूडरच्या चाचणी-उड्डाणात गेले. दुरुस्तीत एलेरॉनच्या केबली उलटसुलट जोडल्या गेल्या होत्या. स्वतः आखलेलं विमान, अनुभवी चाचणी-वैमानिक, स्वतःच्या कंपनीचे कारागीर, तरीही. हे जुन्या काळातलं म्हणून सोडून द्यावं, तर ११ नोव्हेंबर २०१८ रोजी पोर्तुगालमध्ये देखभालीनंतर उडालेल्या एअर अस्तानाच्या एम्ब्राएर विमानाचे एलेरॉन उलटे चालत होते. ढगांत वैमानिकांची झुंज चालली होती आणि एका टप्प्यावर त्यांनी समुद्रात उतरण्यासाठी दिशा मागितली. शेवटी ते बेजा तळावर कसेबसे उतरले. संगणकांनी भरलेल्या विमानात, उड्डाणापूर्वीच्या सगळ्या तपासण्या पार करून, ही चूक हवेत पोहोचली.

नियंत्रणं हलतात का, हे बघणं पुरेसं नाही. योग्य बाजूला हलतात का, हे बघावं लागतं. लहान विमानात त्याची रीत शाळकरी आहे, म्हणून विसरली जाते: योक धरताना अंगठे वर ठेवायचे आणि फिरवायचा. अंगठे ज्या बाजूला झुकतील त्या बाजूचा एलेरॉन वर गेला पाहिजे. वैमानिकानं हे प्रत्येक उड्डाणापूर्वी करावंच. पण नियंत्रण-यंत्रणेला हात लागल्यावर दुसऱ्या अधिकृत माणसाची स्वतंत्र तपासणी अनिवार्य आहे, आणि ती त्यानं पहिल्याच्या खांद्यावरून डोकावून नव्हे, पहिल्याला बाजूला करून करायची असते. आपल्या काही हँगरांत दुसरी सही चहाच्या टेबलावर होते. हे मी ऐकीव सांगत नाही.

हे सगळं मराठीत कशासाठी, असं विचारणारे भेटतील. डीजीसीएची परीक्षा इंग्रजीत, मॅन्युअल इंग्रजीत, सही इंग्रजीत. खरं आहे. पण बारामती, धुळे, गोंदिया, नागपूर इथे विमानाखाली झोपून काम करणारी मुलं आपसात जे बोलतात ते मराठीत. बी-१.२ लायसन्सचा अभ्यास करणाऱ्या मुलीला ‘असं का होतं’ हा प्रश्न मराठीतच पडतो. आपल्याकडे विमानावर मराठीत लिहायचं म्हटलं की गाडी तळपद्यांवर जाते. १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर उडाल्याचं सांगितलं जाणाऱ्या यंत्रावर आपण अजून तावातावानं वाद घालतो; रोज उडणाऱ्या यंत्राच्या टर्नबकलवर मात्र दोन पानं सापडत नाहीत. या पुस्तकात पुष्पक विमान नाही. टर्नबकल आहे, व्हेंट आहे, डिपस्टिक आहे. तांत्रिक शब्द हँगरमध्ये बोलले जातात तसेच ठेवले आहेत. एलेरॉनला संस्कृत नाव शोधत बसण्यात कुणाचा वेळ घालवलेला नाही.

पुस्तकाची मांडणी थोडी वाकडी वाटेल. इंधनाची प्रकरणं आधी, रिगिंगची नंतर असा सरळ क्रम न ठेवता दोन्ही मुद्दाम एकमेकांत गुंफली आहेत, आणि प्रत्येक प्रकरण एका शेऱ्यापासून सुरू होतं. ज्यांना क्रमानं वाचायचं नाही त्यांनी आपल्या विमानाला लागू असलेला शेरा शोधून तिथून सुरुवात करावी. बॉलवरचं प्रकरण मात्र कुणी वगळू नये. वैमानिकांनी तर मुळीच नाही.

शेवटी आकड्यांबद्दल. या प्रस्तावनेतले अंश आणि पौंड विषय समजावा म्हणून दिले आहेत, त्यांवर पाना चालवू नये. एकाच नावाच्या विमानाची मापं मॉडेलप्रमाणे आणि बांधणी-क्रमांकाप्रमाणे बदलतात. काम सुरू करण्यापूर्वी आपल्या विमानाच्या डेटा प्लेटवरचा क्रमांक वाचा, त्या क्रमांकाला लागू असलेलं निर्मात्याचं मॅन्युअल त्याच्या ताज्या दुरुस्त्यांसह उघडा. तिथला आकडा आणि या पुस्तकातला आकडा जुळत नसेल, तर या पुस्तकातला खोडून टाका.